पाऊण टाकीतला चतकोर

“नळ बंद! चला निघा!” टाकीवाला शेषेराव ओरडला.

चांगुणाआत्या घागर घेऊन पुढे झाली. “सरपंच म्हणले हुते, टाकी रोज पाऊण भरती, तिच्यातलं दोन तृतीयांश पाणी आमच्या वस्तीचं.”

“लई शिकलीस की रात्रशाळेत! मग सांग, पाऊण गुणिले दोन तृतीयांश किती?”

आत्या बोटं मोजू लागली. शेषेरावनं तिची अर्धी भरलेली घागर मातीत उपडी केली. माणसं खदखदा हसली. सुट्टीला आलेली भाची सिंधु लाजेनं लाल झाली, कारण तिलाही हसू फुटलं होतं!

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच. संध्याकाळी आत्याची शेळी पाण्यावाचून मेली. आत्या रडली नाही. पाटी घेऊन सिंधुपुढे बसली.

“गुणलं की वाढतंय ना गं? मग हितं कमी कसं होतंय?”

सिंधुनं भाकरीचे चार चतकोर केले, एक बाजूला सारला. “ही पाऊण भाकर. आता हिच्या तीन वाट्यांतले दोन घे.”

“दोन चतकोर... म्हंजी अर्धी!” आत्याचे डोळे चमकले. “गुणिले म्हंजी ‘त्यातलं’ व्हय! मग वस्तीला अर्धी टाकी पायजे!”

दुसऱ्या दिवशी सिंधुनं काठीवर चार सारख्या खुणा केल्या. वस्तीचं पाणीवाटप संपताच तिथल्या भीमानं ती टाकीत बुडवली. एका खुणेऐवजी दोन खुणांपर्यंत ओली!

“वस्तीला एकच चतकोर दिला! आपला दुसरा कुणासाठी ठेवला?” सिंधुनं विचारलं.

दुपारी उत्तर मिळालं. शेषेराव टाकीतून पिंपं भरून गाडी स्वतःच्या वीटभट्टीकडे हाकत होता.

“भीमा, सरपंचांना आण! पळ!” गाडीमागं लपत सिंधु कुजबुजली. शेषेराव चढावर बिडी पेटवायला थांबला, तेव्हा तिनं हळूच चाकाची खीळ उपसली. गाडी हलली आणि चाक निखळलं! एक पिंप धाडकन फुटलं. शेषेरावनं सिंधुची वेणी धरून तिला फरफटवलं, दोन मुस्काटात ठेवून दिल्या. तरी तिनं खीळ सोडली नाही!

तेवढ्यात सरपंच हणमंतराव आले, मागं सारी वस्ती. बायांनी आधी शेषेरावकडं पाहिलंच नाही. त्या चिखलावर तुटून पडल्या, पदर बुडवून पोरांच्या तोंडात पिळू लागल्या.

सरपंचांची मान खाली गेली. त्यांनी शेषेरावकडून टाकीची किल्ली हिसकावली. “शाब्बास, पोरांनो! तुम्ही डोळे उघडले आमचे!”

“शाब्बासकी मागून द्या,” आत्या म्हणाली. “आधी नळ सोडा!”