सिंहतोंडीचा उजवा हात

मोबाइल पालथे घाला सगळे. हो, तुझासुद्धा. आणि तो दरवाजा लोटून घे, गार वारा येतोय.

परवा संध्याकाळी माझा दोस्त आला होता. हात मिळवायला त्यानं डावा हात पुढे केला आणि तुमच्यातला एक दीडशहाणा फिदीफिदी हसला. कोण ते मला माहीत आहे. त्याची बाही लांब होती म्हणून तुम्हाला दिसलं नाही. त्याला उजवा पंजा नाही. मनगटापासूनच नाही. कटर मशीनमध्ये गेला, असं सगळ्यांना सांगितलंय, घरच्यांनासुद्धा. खरं काय ते त्याला, त्याच्या धाकट्या भावाला आणि मला, एवढ्यांनाच ठाऊक आहे. आता तुम्हालाही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी दात काढताना जरा विचार कराल.

मी तेव्हा टेम्पो चालवायचो. माल कसला, तर देव. हसू नका म्हटलं ना! बंद पडलेल्या गिरणीच्या मागच्या रस्त्याला एक कारखाना होता, तिथं जगभरातल्या देवदेवतांचे पुतळे व्हायचे. संग्रहालयं, हॉटेलं, प्रदर्शनं, जो मागेल त्याला. पण ज्यांची पूजा अजून चालते असे देव तिथले म्हातारे मिस्त्री करत नसत. म्हणायचे, त्यांचं त्यांचे भक्त बघतील. आपण करायचे ते ज्यांना आता कुणी विचारत नाही ते. ज्यांची देवळं पडली, ज्यांची भाषा बोलणारं माणूससुद्धा उरलं नाही, असे.

धडं सगळ्यांची दोनच साच्यांतून निघायची, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. फरक काय तो डोक्यात आणि हातांत. हात जोडायचं काम माझ्या दोस्ताचं, म्हणून त्याचं नावच पडलं हातवाला. पंजे वेगळे ओतायचे, मनगटात लाकडी खुंटी ठोकायची, सांधा प्लास्टरनं बुजवायचा. त्यानं जोडलेला हात कुठं जोडलाय ते भिंग लावूनही सापडायचं नाही. धाकटा भाऊ तिथंच रंगारी. आईबाप लवकर गेले, धाकट्याला ह्यानंच वाढवलं, अगदी शेंबूड पुसण्यापासून. फार जीव होता त्याच्यावर. धाकटाही कामाला वाघ, पण घाईचा. कधीकधी अक्कल घरी ठेवून यायचा.

मिस्त्रींचा एक दंडक होता. कारखान्यात देवाच्या हातात हत्यार द्यायचं नाही. हत्यारं वेगळ्या पेटीत, आणि माल पोचला, काचेच्या कपाटात उभा राहिला, की मग बसवायची. तोवर सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. मला वाटायचं, मोडतोड नको म्हणून असेल. एकदा विचारलं. तर म्हणाले, "भुकेल्या माणसाला सुरी देऊन दुसऱ्या भुकेल्यासमोर बसवशील का तू?"

मी म्हटलं, "मिस्त्री, हे प्लास्टर आहे."

"हो ना," म्हणाले. "प्लास्टर आहे तोवर ठीक आहे."

त्या पावसाळ्यात मिस्त्री वारले. मागून मोठी ऑर्डर आली, एका संग्रहालयाचं अख्खं दालन. सगळे लढवय्ये देव. विजेचा देव, त्याला आम्ही हातोडावाला म्हणायचो. रणांगणावर कावळे घेऊन फिरणारी ती कावळीण. एक सूर्याचा देव, त्याला माणसाचं काळीज लागायचं, हातात दगडी सुरा. आणि वाळवंटातल्या एका नदीकाठची देवी, धड बाईचं आणि तोंड सिंहिणीचं. तिच्याशेजारी लावायची माहितीची पाटी धाकटा येईल त्याला वाचून दाखवायचा. हिला म्हणे एकदा माणसं मारायला पाठवलं, तर ती थांबेचना. सगळी मारून टाकते की काय असं झालं, तेव्हा बाकीच्या देवांनी दारूत लाल रंग कालवून जमिनीवर ओतली. रक्त समजून प्याली, आणि झोपली. "म्हणजे आपल्या गल्लीतल्या बेवड्या काकाचीच बहीण," असं म्हणून धाकटा हसायचा.

आता ती रात्र. नोव्हेंबरातला तिसरा शनिवार, रात्रीचे पावणेअकरा. संग्रहालयाच्या साहेबाला सकाळपर्यंत फोटो हवा होता, म्हणून धाकटा एकटाच कारखान्यात थांबला होता. हातवाला त्याला जेवणाचा डबा आणि थिनरचा कॅन द्यायला निघाला. वाटेत माझ्या घरावरून गेला, पायरीवर बसून पाणी प्याला. उजवा अंगठा तोंडात. दुपारी खुंटी ठोकताना हातोडी बसली होती. नखाच्या मुळाशी काळानिळा डाग पडला होता, पेरूच्या बीएवढा.

मी म्हटलं, "नख जाणार."

"जात नाही," तो म्हणाला. "असे किती डाग वाढवलेत मी. नखाबरोबर वर वर सरकत जातो, टोकाला आला की कापून टाकायचा. पाच-सहा महिन्यांचा पाहुणा."

असं म्हणून उठला आणि गेला.

कारखान्याचं शटर खाली होतं. फटीतून उजेड येत होता. आणि आतून आवाज... पोती फुटावीत तसा. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. त्याला वाटलं, चोर शिरलेत आणि मोडतोड चाललीय. त्यानं धाकट्याला हाक मारली. उत्तर नाही. शटरमधल्या छोट्या दारातून तो वाकून आत शिरला.

फोटोसाठी लावलेला हॅलोजन जमिनीवर आडवा पडला होता. धाकट्यानं काय केलं होतं ते त्याला एका नजरेत कळलं. फोटो चांगला यावा म्हणून त्यानं सगळ्यांना भिंतीपासून फिरवलं होतं. गोल करून उभं केलं होतं, समोरासमोर. आणि प्रत्येकाच्या हातात हत्यार दिलं होतं.

ते लढत होते.

डोळे चोळून पाहिलं म्हणाला. खरंच लढत होते. ओरडणं नाही, आरडाओरडा नाही. एकाचंही तोंड उघडलेलं नव्हतं. हातोडावाल्यानं सूर्यदेवाच्या छातीत हातोडा घातला, छाती आत गेली, पांढरा धुरळा उडाला. सूर्यदेवानं पडता पडता सुरा हातोडावाल्याच्या पोटात खुपसला आणि वर ओढला, गळ्यापर्यंत. आत पोकळ. काहीच नाही आत. तरी तो हात घालून चाचपत होता... काळीज शोधत होता. कावळिणीचं मुंडकं जमिनीवर पडलं होतं आणि धड अजून भाला चालवत होतं. समोर कुणी नव्हतं तरी चालवत होतं. प्लास्टरचे हात, कान, बोटं फरशीभर. त्यातले निम्मे हात ह्यानंच जोडलेले.

आणि गोलाच्या मधोमध सिंहतोंडी. तिच्या पायाखाली धाकटा.

जिवंत होता. डोळे उघडे. छातीवर तिचा पाय. त्याचा उजवा हात तिनं ताणून धरलेला, मनगटातून रक्त वाहत होतं. ती तलवार उचलायची, मारायला जायची, आणि तलवार हातातून निसटायची. पुन्हा वाकायची. पुन्हा उचलायची. पुन्हा निसटायची. ज्या वेळी निसटली नव्हती त्या वेळी अर्धं मनगट कापलं गेलं होतं. तलवार नुसत्या पत्र्याची. धार लावलेलीच नव्हती तिला.

हातवाल्याची पाचावर धारण बसली. मग त्याला ती पाटी आठवली. रंगाच्या मांडणीखाली लाल रंगाची बादली होती. त्यानं ती ओढली आणि तिच्या पुढ्यात सगळी ओतली. फरशी लालभडक झाली.

ती थांबली.

खाली वाकली. हुंगलं.

मग मान वर करून ह्याच्याकडे पाहिलं... बराच वेळ. एकदा फसली होती ती. पुन्हा फसणार नव्हती.

तिनं परत तलवार उचलली. पुन्हा निसटली. आणि तेव्हा ह्याचं लक्ष तिच्या पंज्याकडे गेलं. तुम्हाला-मला ते दिसलं नसतं. हा हातवाला. अंगठा उलट्या बाजूला होता! संध्याकाळी घाईत तिचा उजवा पंजा धाकट्याकडून फुटला असणार, आणि त्यानं पेटीतला हाती लागेल तो पंजा ठोकून दिला. डावा. उजव्या मनगटाला डावा पंजा. फोटोत कुणाच्या लक्षात येतंय, असं वाटलं असेल त्याला. त्या पंज्यात तलवारीची मूठ मावत नव्हती. भाऊ अजून जिवंत होता तो तेवढ्यामुळे.

आणि ती भावाच्याच उजव्या मनगटावर का घाव घालत होती, तेही त्याला कळलं. मारायचं असतं तर पायानंच चिरडला असता. तिला हात हवा होता.

तिनं पुन्हा तलवार उचलली. ह्या वेळी दोन्ही पंज्यांत मिळून धरली. आता निसटणार नव्हती.

"थांब," हा म्हणाला.



"त्याचा नको. त्याचा पंजा बारीक आहे... बसणार नाही तुला. सांधा दिसेल."

ती तशीच.

"तुझं मनगट मी केलंय. माप मला माहीत आहे." त्यानं बाही वर सारली. "माझा घे. माझा बसेल."

गुडघ्यावर बसला. लाकडी ठोकळा पुढे ओढला, ज्याच्यावर आयुष्यभर खुंट्या तासल्या तोच. त्यावर उजवा हात ठेवला. धाकटा पायाखालून मान हलवत होता. नको... नको...

त्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात मागे घेतला असता, म्हणाला.

डोळे मिटले.

...

मला फोन आला तो धाकट्याचा. नुसता रडत होता. टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा शटरच्या बाहेर दोघं बसले होते, धाकट्यानं स्वतःचा शर्ट फाडून भावाचं मनगट आवळलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मनगटातून गळत होतं ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जखम पाहिली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मशीनचा काप नाही हा. फारच साफ आहे. पंजा आणा, वेळ आहे तोवर जोडून पाहू."

पंजा आणायला मी परत गेलो. एकटाच. का गेलो, मला अजून कळत नाही. आत सगळे पडले होते, भुगा होऊन. प्लास्टर, फक्त प्लास्टर. हलत काही नव्हतं. ठोकळ्यावर रक्त होतं. पंजा नव्हता. मांडण्यांखाली पाहिलं, बादल्या पालथ्या घातल्या, कानाकोपरा धुंडाळला. नव्हता. एकटी सिंहतोंडी उभी होती, आपल्या जागी, उजव्या हातात तलवार घट्ट धरून.

अंगठा बरोबर बाजूला होता.

मी मागे वळून पाहिलं नाही.

धाकट्याचा हात वाचला, पण तीन बोटं अजून वळत नाहीत. तो म्हणत होता, फोडून टाकू तिला. मीही तेच म्हटलं. मीच घण घेऊन जाणार होतो. हातवाला बिछान्यात उठून बसला आणि पहिल्यांदाच आमच्यावर ओरडला, "खबरदार! माझा हात आहे तो!" मग भिंतीकडे तोंड करून रडला. मोठा माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता. घणाचा विषय तिथंच संपला.

पंज्याला सोनेरी रंग धाकट्यानंच दिला, डाव्या हातानं. रंगाचे दोन थर दिले. बोटांवर, तळव्यावर छान बसला. अंगठ्याच्या नखावरून मात्र निघून निघून यायचा. शेवटी तसंच सोडलं. खाली काळा डाग दिसत होता. मुळाशी, पेरूच्या बीएवढा.

मीच तिला संग्रहालयात पोचवली. बाकीचे देव त्यांनी दुसरीकडून आणले. हिला काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली साहेबाकडे. आता कुणी विचारलं तर म्हणेन, प्लास्टर आहे. दुसरं काय म्हणणार?

उन्हाळ्यात त्याच संग्रहालयाचं एक भाडं लागलं. माल उतरवला आणि पाय आपोआप त्या दालनाकडे वळले. शाळेची पोरं काचेला नाक लावून उभी होती. ती गेली. मग मी नाक लावलं.

परत आलो तर हा माझ्या पायरीवर बसलेला. कुठं गेलो होतो ते मी सांगितलं नव्हतं कुणाला. त्यानंही विचारलं नाही. रिकाम्या बाहीकडे बघितलं त्यानं. मग हळूच म्हणाला,

"किती वर आलाय?"

मी माझ्या अंगठ्यावर दाखवलं त्याला. असे जवळ या जरा... दिसतंय? मुळाशी होता ना डाग, इथं.

इथपर्यंत आला होता.