मागचं डावं चाक

भंगारवाल्यांबद्दल माझं मत आधीपासूनच वाईट, त्यामुळे त्या दिवशी ते बिघडलं असं म्हणता येणार नाही.

काम साधं होतं. धाकट्या भावाचा ट्रक त्याच्या घरामागच्या शेडमध्ये बावीस वर्षं उभा होता. पुतणीने तो पुन्हा रस्त्यावर आणायचं मनावर घेतलं. पोरगी शाळेची बस चालवते, जड गाडीचं लायसन्स आहे, हात चांगला आहे. पण गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी कळणं वेगळं, हे मी तिच्या बापालाही आयुष्यभर ऐकवलं होतं. तिलाही ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, "म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय, काका."

ट्रकच्या मागच्या डाव्या बाजूला काहीच नव्हतं. चाक नाही, ते ज्यावर बसतं तो हब नाही, बेअरिंग नाही, आतला शाफ्ट नाही. एक्सलचं उघडं टोक आणि त्याखाली लाकडाचा ठोकळा. तेवढंच.

पुतणी संध्याकाळी फोनवर फोटो दाखवायची. "काका, हा बघा. कम्पॅटिबल लिहिलंय."

कम्पॅटिबल म्हणे. ज्यांनी उभ्या जन्मात हाताला ग्रीस लावलं नाही, ते लोक असले शब्द लिहितात. मी एकतीस वर्षं फिटर होतो. दोन वस्तू एकमेकींत बसतात की नाही हे लिहून ठरत नाही. मापाने ठरतं, आणि मापानंतरही बोटांनी ठरतं.

म्हणून मी स्वतः निघालो. पिशवीत माप घ्यायचा कॅलिपर घेतला आणि उजव्या बाजूचा हब उघडून त्यातला लॉक वॉशर नमुन्याला घेतला. लॉक वॉशर म्हणजे काय ते सांगतो, पुढे लागेल. हब जागेवर धरायला आत एक मोठा नट असतो. तो फिरून सैल होऊ नये म्हणून त्याला खेटून एक पोलादी चकती बसवतात. चकतीला आतून एक जीभ असते, ती एक्सलवरच्या खाचेत अडकते. तळहाताएवढी वस्तू. ती नीट असेल तर चाक वर्षानुवर्षं हलत नाही. नसेल तर नट हळूहळू मागे येतो, आणि एक दिवस हब, शाफ्ट, चाक, सगळं एकदम बाहेर.

भावाचं तसंच झालं होतं. तलावाकाठच्या उतारावर ट्रकचं चाक निखळलं, ट्रक कलंडला. चाक घरंगळत पाण्यात गेलं ते पुन्हा मिळालं नाही. भाऊ दोन दिवस दवाखान्यात होता. मग तोही गेला.

लोक विचारायचे, असं कसं झालं. मी सांगायचो, निघताना चाक तपासायला नको? बेफिकीर होता. हे मी त्याच्या बायकोसमोरही सांगायचो, पोरीसमोरही.

तर, भंगारबाजार. पहिल्या दुकानदाराला मी मनातल्या मनात रंगारी नाव ठेवलं, कारण त्याच्याकडची प्रत्येक वस्तू ताज्या काळ्या रंगात होती. नख लावलं की खाली गंज. "नव्यासारखा आहे, साहेब," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू आहेस का नव्यासारखा?" दुसऱ्याने मला बसचा हब ट्रकचा म्हणून दाखवला. तिसऱ्याला कॅलिपर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. अशा माणसांच्या हातून देशभर गाड्या धावतात आणि तरी माणसं जिवंत घरी पोचतात, याचंच मला नवल वाटतं.

शेवटी रंगारीच म्हणाला, "ते मॉडेल बंद पडून जमाना झाला. शहराबाहेर मालवाहतूक कंपनीचा जुना डेपो आहे ना, बंद पडलेला? तिथला स्टोअरकीपर अजून येतो. त्याच्याकडे असेल."

"कंपनी बंद आहे तर तो येतो कशाला?"

"विचारलं नाही बुवा कोणी," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

डेपोत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आभाळ भरून आलेलं, पण वारा अजिबात नाही. अंगणात गवत कमरेएवढं. त्यातून एक पायवाट मळलेली, सरळ स्टोअरच्या दाराशी. एका माणसाच्या येण्याजाण्याने एवढी रुंद वाट पडत नाही, असं तेव्हा मनात आलं होतं. मग विसरलो.

स्टोअर म्हणजे लांबलचक, बिनखिडक्यांची खोली. पुढे काउंटर, मागे छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या, एकामागे एक, अंधारात गेलेल्या. जुन्या गिअर ऑइलचा तो जड, गोडसर वास. काउंटरवर एक दिवा आणि दिव्यामागे स्टोअरकीपर. वाळका म्हातारा, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, कानामागे पेन्सिल. ज्या कंपनीचं अस्तित्व संपलंय तिचा बिल्ला छातीवर. असल्या माणसांची मला कीव येत नाही, चीड येते.

मी ट्रकचं मॉडेल सांगितलं. त्याने मान वर केली.

"बाजू कुठली?"

"मागची डावी."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग आत गेला आणि एकेक वस्तू आणून ठेवू लागला. हब. दोन्ही बेअरिंगं, मेणकागदात गुंडाळलेली. शाफ्ट दोघांनी मिळून उचलून आणला. मी प्रत्येकाला कॅलिपर लावला, दिव्याखाली धरून बघितलं. खोट काढायला एवढीशीही जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या स्टोअरवाल्याला नावं ठेवता येईनात, याचा मला रागच आला.

"लॉक वॉशर," मी म्हटलं आणि नमुना काउंटरवर ठेवला.

"ते शेवटच्या मांडणीत आहेत. पण जरा थांबा. आत एकजण बघतोय, त्याचं होऊ द्या."

"वॉशर बघायला किती वेळ लागतो?"

"त्याला लागतो." म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. "रोजच येतो. हेच मागतो. मागची डावी बाजू."

मला हसू आलं. त्या मॉडेलचा ट्रक अख्ख्या जिल्ह्यात आमच्याशिवाय कोणाकडे नव्हता. मी म्हटलं, "एक वॉशर रोज शोधतो, म्हणजे कोणी तरी फार मोठा कारागीर दिसतोय."

म्हाताऱ्याने फक्त आतल्या अंधाराकडे बोट केलं.

तेव्हा मला तो आवाज आला. आतून. धातूची चकती कशाला तरी लावून बघितल्याचा, टिक. मग थोडा वेळ शांत. मग ती बाजूला ठेवल्याचा, खण्ण. पुन्हा टिक. पुन्हा शांत… खण्ण. घाई नाही, वैताग नाही. मी पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. एवढ्या वेळात मी दहा हब बसवले असते. शेवटी काउंटरची फळी उचलली आणि आत गेलो.

"नका जाऊ," म्हातारा मागून म्हणाला, पण उठला नाही.

मांडण्यांमधली वाट अरुंद होती. दिव्याचा उजेड तिसऱ्या मांडणीपर्यंत आला आणि संपला. पुढे मी हाताने चाचपत गेलो. ऑइलचा वास मागे पडला आणि दुसरा वास येऊ लागला. ओल्या चिखलाचा, साचलेल्या पाण्याच्या तळाशी असतो तसा. तिथली हवाही गार होती.

टिक…

शेवटच्या मांडणीच्या पलीकडून येत होता आवाज. मधल्या खणांत डबे गच्च भरलेले, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "उजेडात या, मी मापून देतो. अंधारात काय कप्पाळ कळणार तुम्हाला?"

आवाज थांबला.

मग जमिनीवर काहीतरी घरंगळायला लागलं. मांडणीच्या टोकाला वळसा घालून, हळू, सरळ माझ्याकडे. माझ्या बुटाला लागलं आणि आडवं पडलं. मी वाकून उचललं. वॉशर. ओला, बर्फासारखा गार. मी आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. जीभ तुटलेली होती. मुळाशी थोडी शिल्लक होती, आणि तिच्यावर कानशीचे ओरखडे होते. तिरपे, डावीकडून उजवीकडे उतरणारे. मी डावखुरा आहे. माझी कानस तशीच चालते.

ऐका आता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी तो हब मीच बसवला होता. योग्य वॉशर मिळत नव्हता, भावाला पहाटे माल घेऊन निघायचं होतं. दुसऱ्या गाडीचा वॉशर होता माझ्याकडे. जीभ रुंद होती, खाचेत जाईना. मी ती कानशीने घासून बारीक केली आणि बसवली. भाऊ टॉर्च धरून बाजूला उभा होता. म्हणाला, दादा, हा नीट बसत नाही वाटतं. मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं, गप उभा राहा.

आणि मांडणीच्या पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला. दमलेला, पण तक्रार नसलेला.

"दादा… हा बसत नाही…"

मी मांडणीला धरून राहिलो.

"…दुसरा बघू का?"

तुटका वॉशर मुठीत धरूनच मी म्हटलं, "नाही बसत रे. तेव्हाही बसत नव्हता. मला दिसत होतं."

पलीकडे कोणीतरी श्वास सोडला. मग एक डबा सरकला आणि त्या फटीतून हात आला. मनगटापर्यंतच. बोटांवर चिखल, आणि बोटांत मेणकागदात गुंडाळलेली चकती. मी घेतली. हात परत गेला. मी पाठ न फिरवता, मागे मागे चालत दिव्यापर्यंत आलो.

स्टोअरकीपरने मेणकागद उघडला, नमुन्यावर वॉशर ठेवला. खाचेत खाच, जिभेवर जीभ.

"दिसतो कसा तो?" मी विचारलं.

"तोंड कधी बघितलं नाही मी," म्हातारा म्हणाला. "हातच येतो नेहमी. पण त्याने कधी कोणाला काही दिलं नव्हतं. आजच."

चाक नंतर बाजारात मिळालं; हब बसवायला मला एक दिवस लागला. पुतणी शेजारी टॉर्च धरून उभी होती. वॉशर बसवायची वेळ आली तेव्हा मी तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "तू बघ. बसतोय का सांग." तिने लावला, दाबला, बोट फिरवलं. म्हणाली, "बसला, काका."

मग मी तिला सगळं सांगितलं. कानशीचं. तिच्या बापाने काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं ते. डेपोतलं मात्र नाही सांगितलं. तिने टॉर्च बंद केला, पान्हे एकेक करून पेटीत ठेवले आणि घरात गेली.

थोड्या वेळाने भावजय बाहेर आली. शेडच्या दारातच उभी राहिली.

"मला ठाऊक होतं, भाऊजी," ती म्हणाली.

हात पुसायला घेतलेलं फडकं मी खाली ठेवलं.

"दवाखान्यात शुद्धीवर होते ना ते. त्यांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, दादाला बोलू नकोस काही, तो मनाला लावून घेईल."

बावीस वर्षं मी त्या बाईच्या घरी जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन, तिच्या नवऱ्याला बेफिकीर म्हणत होतो, आणि ती कप उचलून आत नेत होती. मी जन्मभर खूप माणसांना तुच्छ लेखलं. रंगारी, स्टोअरवाले, ड्रायव्हर, भाऊ. त्या संध्याकाळी शेडमध्ये ज्याला तुच्छ लेखायला हवं होतं तो एकटाच उरला होता, आणि त्याच्या हाताला ग्रीस लागलेलं होतं.

पुतणी आठवडाभर बोलली नाही. मग एका सकाळी तिने ट्रक बाहेर काढला. जाताना काच खाली करून म्हणाली, "पोचले की फोन करते, काका." एवढ्यानेही मला बरं वाटलं.

अकराच्या सुमाराला फोन आला. मोकळ्या माळावर थांबली होती.

"मस्त चालतोय. आवाज नाही, झटका नाही. हब हात लावून बघितला, गरमसुद्धा नाही."

मी हो हो म्हणत होतो. मग तिच्या आवाजामागे मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. कोणीतरी दमलेल्या आवाजात मोजत होतं. हळू, एकेकाला हात लावून मोजावं तसं.

"…चार… पाच…"

"कोण आहे गं तुझ्याजवळ?"

"कोणी नाही. मी केबिनमध्ये आहे, काचा बंद आहेत. का?"

"…सहा… सात…"

आणि थांबलं.

त्या चाकाला बाहेरून आवळायचे नट आठ आहेत. मी तिला म्हटलं, खाली उतर, मागचं डावं बघ, पान्हा लावून बघ. ती उतरली. मला तिची पावलं ऐकू आली, पान्ह्याचा आवाज आला. "आठही आहेत, काका," ती म्हणाली. "घट्ट आहेत. एकही हलत नाही." आणि तिच्या मागे, शांतपणे, तो पुन्हा एकपासून सुरू झाला.

आता ती प्रत्येक खेपेला फोन करते. मी फारसं बोलत नाही, कान देऊन ऐकत राहतो. अजून एकदाही तो सातच्या पुढे गेलेला नाही.