कोऱ्या पुस्तकातला रस्ता

मरापी डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात दर रविवारी सकाळी वेनिंगचा ओटा मुलांनी भरायचा. केळीच्या पानाचा देठ आडवा कापायचा, हळदीच्या पाण्यात बुडवायचा आणि कागदावर हाणायचा. मधाच्या पोळ्यासारखा ठसा उठे. मग चित्रांचं एखादं पुस्तक, मग तळलेली केळी. महत्त्वाप्रमाणे क्रम वेनिंगच्या मते हाच होता. मुलांच्या मते उलटा.

चित्र काढा म्हटलं की सगळी मुलं एकच काढत: दोन डोंगर, मध्ये सूर्य, मधोमध रस्ता, दोन्हीकडे भातखाचरं. या देशात आजोबांच्या हातात कागद दिला तरी हेच निघतं. गावातून डोंगर दिसतो एकच. दुसरा प्रत्येक जण पदरचा घालतो.

मग गल्लीच्या टोकाला सुमाराह राहायला आली, आणि तिसऱ्या रविवारी वेनिंगच्या ओट्यावर एक मांजर आणि एक सर्दी झालेली मुलगी उरली. वेनिंगची स्वतःची पाच वर्षांची लारासही तिकडेच.

"एवढं काय आहे गं तिच्याकडे?"

"पुस्तक."

"माझ्याकडे चाळीस आहेत!"

"तुझी वाचून झाली की संपतात," लारास म्हणाली.

पुढच्या रविवारी वेनिंग स्वतः गेली. फाटकाशी उभं राहून, परक्या घरी हाक देतात तशी तिनं "कुलोनुवून" अशी हाक दिली. सुमाराहनं बसवलं, चहा ठेवला. यजमान "मंग्गो" म्हणेपर्यंत पाहुण्यानं पेल्याला हात लावायचा नसतो. सुमाराह ते लगेच आणि इतक्या गोड आवाजात म्हणाली की वेनिंगला अपमान झाल्यासारखं वाटलं. चहाही चांगला होता, हे आणखी वाईट.

मग पुस्तक आलं. कापडी, हातानं शिवलेलं. सुमाराह काही वाचत नव्हती, नुसती पानं उलटत होती.

पानं कोरी होती.

तिसऱ्या पानाला मुलं हसून लोळली. सातव्याला सगळ्यांचे डोळे भरले. लारासनं सुमाराहच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नातवाला न्यायला आलेली सरपंचीणबाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "गेलं हो बिचारं बदक." वेनिंगनंही डोळे पुसले. एकटीनंच कोरडं कसं राहायचं?

"कसं वाटलं?" सुमाराहनं विचारलं.

"रंग जरा भडक आहेत," वेनिंग म्हणाली.

घरी येताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवटच्या पानावर काय होतं गं?"

"आपलं घर. तू दारात आहेस आणि मी पळत येतेय." लारासनं तिच्याकडे वळून पाहिलं. "तू बघितलं नाहीस?"

आपलं घर, आणि तेही तिच्या पुस्तकात! वेनिंगला दोन रात्री झोप नाही.

मंगळवारी दुपारी सुमाराह बाजारात गेली. पुस्तक तिच्या ओट्यावरच होतं. वेनिंगनं भाजीच्या पिशवीतून रंग काढले आणि शेवटचं पान उघडलं. असं चित्र काढायचं, की खरी कलावंत कोण ते पोरांना कळावं. जादूचा मासा? उडणारी म्हैस? विचार करता करता हात चालू लागला, आणि तिनं खाली पाहिलं तर दोन डोंगर, मध्ये सूर्य, आणि पानाच्या मधोमध सरळ रस्ता.

आठ वर्षं ती मुलांना ओरडत होती, काहीतरी वेगळं काढा. पण अर्धवट सोडवेना. तिनं भातखाचरंही रंगवली.

रविवारी पुन्हा तेच. हसणं, रडणं, बदक. मग शेवटचं पान.

वेनिंगला पहिल्यांदाच त्या पुस्तकात चित्र दिसलं. तिचं.

मुलं पानावर वाकली.

"घर कुठे गेलं?" कुणीतरी विचारलं.

सुमाराहनं रस्त्यावरून बोट फिरवलं. "इथे होतं. कुणीतरी वरून रस्ता नेला." ती वेनिंगकडे बघत नव्हती.

"मग परत बांधायचं!"

"रस्त्यावर घर बांधता येत नाही, बाळा."

लारासनं मान वळवून वेनिंगकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या आईकडे बघावं तसं.

वेनिंग तडक घरी आली. घर जागेवर होतं. तिनं भिंतीला हात लावून खात्री केली, मग स्वतःलाच हसली आणि भात टाकला.

फाटकातून हाक आली.

"कुलोनुवून."

आवाज लारासचा होता.

"अगं ये की आत! नाटकं पुरे."

लारासनं चपला काढल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावल्या. आत येऊन ती पाहुण्यांच्या खुर्चीच्या कडेवर बसली, हात मांडीवर.

"त्रास नका घेऊ, मावशी. मी थोडाच वेळ बसते."

वेनिंगनं चहा आणला. हत्तीचं चित्र असलेला लारासचाच पेला, तिला आवडते तशी दोन चमचे साखर.

लारासनं पेल्याकडे पाहिलं. हात लावला नाही. वाट बघत राहिली.

"मंग्गो" म्हणायला वेनिंगनं तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा म्हटलं की ही पाहुणी.

"तुझाच पेला आहे तो," ती म्हणाली.

लारास अदबीनं हसली.

चहा निवला. कडेनं मुंग्या चढल्या. बऱ्याच वेळानं लारासनं वेनिंगच्या मागे, आतल्या खोलीच्या भिंतीकडे, लांबवर बघावं तसं पाहिलं, आणि यजमानाला वाईट वाटू नये अशा बेतानं हळूच विचारलं,

"मावशी, हा रस्ता पुढे कुठे जातो?"