रॉडरिक वेनची बहीण

विल्माच्याच स्वयंपाकघरात, विल्माचाच एप्रन बांधून सिनेनटी डेल्फीन हार्ट उभी होती, आणि विल्माने पहाटे उठून भाजलेला सफरचंदाचा केक आपणच केल्याचा आव आणत फोटोग्राफरकडे बघून गोड हसत होती! विल्माच्या काळजाला चटका बसला...

सहा वर्षं! एमिलला स्टुडिओने करारावर घेतलं तेव्हाच जाहिरातखात्याच्या क्रॉलीसाहेबांनी बजावलं होतं, "लग्न झालेला नायक पोरींना चालत नाही. ही तुझी बहीण, समजलं?" तेव्हापासून नेब्रास्काच्या शेतावरचा एमिल पडद्यावरचा रॉडरिक वेन झाला, आणि त्याची लग्नाची बायको 'मिस विल्मा'! प्रत्येक नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तो नायिकेच्या हातात हात घालून मोटारीतून उतरे, आणि ती घरी रेडिओवर गर्दीच्या आरोळ्या ऐकत बसे. आणि आता तर स्टुडिओने त्याचा डेल्फीनशी साखरपुडाही जाहीर करून टाकला होता! मत्सराने तिचं अंतःकरण होरपळून निघालं होतं. डेल्फीनचे ते निगुतीने जपलेले हात... त्या हातांनी कधी साधी कपबशी तरी विसळली असेल का!

"छान!" मासिकाची वार्ताहर म्हणाली. "आता मिस्टर वेन मिस हार्टना साखरपुड्याची अंगठी घालतानाचा फोटो होऊन जाऊ दे."

क्रॉलीने खिसे चाचपले. "अरे देवा, अंगठी ऑफिसातच राहिली! मिस विल्मा, तुमच्या आईची ती अंगठी द्या बरं जरा."

आईची! गावच्या चर्चमध्ये एमिलनेच तिच्या बोटात घातली होती ती. विल्माने ती बोटातून काढून टेबलावर ठेवली.

एमिलने अंगठी उचलली. डेल्फीनने हात पुढे केला. पण तो जागचा हलेना...

"अरे रॉडरिक, हात अवघडला ना माझा!" डेल्फीन हसली.

"मला नाही जमायचं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ही अंगठी मी एकदाच घातलीय. ऐका सगळे, विल्मा माझी..."

"रॉडरिक!" क्रॉली पांढराफटक पडला.

याच एका शब्दासाठी विल्माने सहा वर्षं जीव टांगणीला लावला होता. आणखी एक क्षण, आणि साऱ्या अमेरिकेला कळणार होतं... आणि उद्या स्टुडिओ त्याला घरी बसवणार होता! तिने त्याच्याकडे पाहिलं. घाम फुटला होता त्याला, पण नजर ढळली नव्हती. तिच्यासाठी तो सगळ्यावर पाणी सोडायला निघाला होता! छातीतली ती आग कशी कुणास ठाऊक, एकदम निवली.

"...बहीण आहे ना मी!" विल्मानेच वाक्य पुरं केलं. इतक्या वर्षांत हा शब्द तिने स्वतःच्या तोंडाने एकदाही उच्चारला नव्हता. "आईची आठवण आली की असाच हळवा होतो हा. घाल रे वेड्या!"

फोटो निघाला. विल्मा मागच्या व्हरांड्यात निघून गेली, तसा एमिल तडक तिच्यापाशी आला. त्याचे डोळे वाहत होते.

"का अडवलंस मला? मी सांगणार होतो, विल्मा!"

"खरंच सांगणार होतास?" ती हुंदका आवरत म्हणाली. "मग झालं तर... मला तेवढंच हवं होतं रे!"

"मिस्टर वेन," आतून वार्ताहराची हाक आली, "बागेत आणखी एक, डेल्फीनबरोबर!"

विल्माने खिशातला रुमाल काढून त्याचे गाल पुसले, टाय नीट केला आणि त्याला दाराकडे ढकललं.

"जा. पण फार खेटून उभा राहिलास ना, तर याद राख!"