वर केलेला हात

"थांबा... अहो ताई, एक मिनिट थांबा ना!"

मी थांबले नाही. गाणं रंगात आलेलं असताना कुणी थांबतं का? नाताळ आठवड्यावर आला होता. आमच्या चर्चचा बँड कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर सुवार्तेची गाणी गात होता आणि स्पीकर नुसता किंचाळत होता. नेहमीचा साउंडवाला आजारी, म्हणून कोन गावचा हृतिक आला होता. किंचाळणं नेमकं कुठून येतंय ते ऐकायला त्याने डोळे मिटले होते आणि मला थांबवायला एक हात वर केला होता. लांब पापण्या... कपाळावर घाम... मी सूर चुकले, हे कबूल. त्या 'ताई'चा मात्र मला उगाच राग आला.

तेवढ्यात कीबोर्डवरच्या हेतलने त्याचा फोटो काढला.

ट्रकवाले आमचा चहा पिऊन, हसून, न्हावा शेव्याच्या रस्त्याला लागले. प्रार्थनेसाठी एकही जण पुढे आला नाही. आणि किती जण प्रभूकडे वळले, याचा रविवारी मंडळीसमोर अहवाल द्यायचा होता मला, जास्मीनला. आमच्याकडे गाताना हात वर करणं म्हणजे देवाला शरण जाणं. मी तो फोटो पडद्यावर लावला आणि म्हणाले, "या तरुणाला प्रभूने स्पर्श केला." टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या मावशींनी तर डोळे पुसले. खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी हसत खाली बसले.

पुढच्या शनिवारी तो आपणहून सरावाला आला, नवी वायर घेऊन.

"तुमचा आवाज फाटत नाय," तो म्हणाला, "माईक फाटतो."

"मग त्या दिवशी 'ताई' का म्हणालात?"

"चेहरा नीट बगितला नव्हता..."

"डोळे मिटलेले होते ना!"

"आता उघडे हायत."

माझे कान तापले. नंतरचे दोन शनिवारही तो आला. स्टँड माझ्या हनुवटीच्या बरोबर खाली येईल असा लावून ठेवायचा, चहाचा पहिला कप मला द्यायचा. आज सांगूनच टाकू, असं मी दर वेळी ठरवायचे... आणि दर वेळी चहा संपायचा. तो जितका गोड वागायचा, तितकी मला माझी लाज वाटायची.

चौथ्या शनिवारी त्याने चहा दिला नाही. मोबाईल पुढे धरला. तोच फोटो, खाली माझंच वाक्य. कुणीतरी ते चर्चच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि फिरत फिरत कोनला पोचलं होतं.

"यात मी काय करतोय?"

"मला... थांबवताय."

"म्हंजे तुमाला म्हायती होतं."

"हो."

तो वायर गुंडाळू लागला. "दाजी, माझे आजोबा. त्यांच्या भजनाचा साउंड मीच करायचो, शाळेत होतो तवापासून. त्यांनी तो दुसऱ्याला दिला. बोलले, देव बदललास तर बदल, पन मला सांगितला का नाय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या देवाबद्दल माझं काय नाय. पन हात माझा होता ना?"

तो गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, मी उभी राहिले. लोकांना वाटलं, आणखी एखादा चमत्कार. "तो हात देवासाठी नव्हता," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. तेही देवाच्या नावाने." कुणी टाळी वाजवली नाही. मावशींनी मान फिरवली. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "त्या गावातही सांगून ये."

संध्याकाळी मी कोनला गेले. देवळासमोर मांडवात भजन चाललं होतं. दाजींच्या पाया पडून माफी पुटपुटायला लागले, तर त्यांनी माईकच पुढे केला. "तू माईकवरशी बोललीस ना पोरी? मग माईकवरच सांग."

मी माईक घेतला. हृतिक सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून उभा. "तो फोटो..." मी सुरुवात केली आणि नव्या माणसाचा स्पीकर असा किंचाळला, की बायकांनी कानांवर हात ठेवले. मी तशीच रेटून पुढे बोलणार, इतक्यात मागे हृतिकने सवयीने डोळे मिटले... आणि एक हात वर केला.

या वेळी मी थांबले.

साऱ्या मांडवाने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. फोटोतलेच मिटलेले डोळे, तोच हात. दाजींना आधी हसू फुटलं, मग डोळे भरून आले. "आरं, ह्यो तर आवाज बगतोय!" ते ओरडले. "हृतिक! ये हिकडं, नीट कर तुजा साउंड!"

तो आला. माझा माईक स्पीकरपासून दूर धरताना त्याची बोटं माझ्या बोटांवर क्षणभर राहिली. मग मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न लपवता. बोलून झाल्यावर वर बघायची हिंमत होईना.

"झालं?" त्याने हळूच विचारलं.

"एक राहिलंय... पण ते माईकवर सांगण्यासारखं नाही."

मांडवात खसखस पिकली. माईक अजून चालूच होता.

हृतिकने बटण दाबलं. "केला बंद," तो म्हणाला. "आता सांग."