कवडू कोणाचा?

बसा, बसा. कंपनीची बस यायला अजून अवकाश आहे, आणि या टपरीवर कंदिलाखेरीज उजेड नाही. एकट्याने वाट बघण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं. फक्त मध्येच हसू नका. हसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

साल त्र्याऐंशी. मे महिन्यातल्या भर दुपारी मी पिशवीत बर्फ घेऊन गणेशपेठेत कवडूच्या घरी निघालो होतो. नागपूरची ती वेळ तुम्हाला माहीत आहे. सगळी दारं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, नुसती कूलरची घरघर. मी, कवडू आणि ओमप्रकाश, आम्ही तिघं दर रविवारी त्याच्या पुढच्या खोलीत खेळायचो. माझ्या मावसभावाने त्या खेळाचं पुस्तक अमेरिकेहून आणलं होतं. त्यात पट नाही, पत्ते नाहीत. एकाने योद्धा व्हायचं, दुसऱ्याने जादूगार, आणि नुसत्या बोलण्यातून भुयारात, जंगलात मोहिमेवर जायचं. पुढ्यात काय आलं, कोणता मंत्र चालतो, कोणता नाही, हे पंच सांगतो. पंच मी होतो.

जादूला किंमत नसेल तर असल्या खेळात काही राम नाही. एकाला सगळं फुकट मिळालं की बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? ओमप्रकाशला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, म्हणूनच त्याचा संताप येतो. वकिली शिकत होता तो. नियम वाचायचा तो पाळण्यासाठी नाही, त्यातून कुठे निसटता येईल ते बघण्यासाठी. आधीच्या रविवारी त्याचा योद्धा स्वतःच्या आगाऊपणाने मेला होता. पट नसला तरी प्रत्येक पात्राची खूण म्हणून आम्ही एकेक सोंगटी ठेवायचो; या योद्ध्याची सोंगटी म्हणजे एक पितळी बटण. कामठीच्या जुन्या बाजारात लष्करी गरम कोटावरून त्याने ते उपटून घेतलं होतं. मेलेल्यांच्या सोंगट्या मी पेपरमिंटच्या डबीत ठेवायचो. एकदा डबीत गेली की गेली.

कवडू जादूगार होता. त्याच्याकडे मेलेल्याला परत आणायचा मंत्र होता, पण त्याची किंमत जबर होती. मंत्र म्हणणाऱ्याचा जीव जायचा, आणि परत येणारा तो जीव स्वतः येऊन घ्यायचा. एक आला, एक गेला, हिशेब चोख. त्यामुळे तो मंत्र कोणी वापरत नसे.

आता कवडूचं ऐका. त्याच्या आईची, पंचफुलाकाकूंची, आधीची मुलं जगली नव्हती. म्हणून हा जन्मताच त्यांनी त्याला तुळसाबाई दाईला एका कवडीला विकलं. आपल्याकडे करतातच तसं. मृत्यू पुन्हा त्याच आईचं मूल शोधत आला तर त्याला सापडू नये. पोरगा वाढला घरातच, पण कोणी परक्याने विचारलं की काकू ठरलेलं उत्तर द्यायच्या, "तुळसाबाईचा." आणि या भाबड्याने आपल्या जादूगाराला दुसरं नावही शोधलं नव्हतं. पात्राच्या माहितीत स्वतःचीच कथा लिहिली होती, कवडीसकट.

ओमप्रकाशने नेमकं तेच धरलं. "अबे, मंग याचा जीव याचा हायच कुठं? विकला ना तो! येनारा याच्यापासून काय घेईन? मारू दे याले मंत्र. माह्या योद्धा वापस, अन् हा बी जिता."

"नाही चालनार," मी म्हटलं. "ती खऱ्या घरातली गोष्ट हाय. खेळात नाही आणायची."

"त्यानं लिवलं हाय. पुस्तकात मनाई हाय का? दाखव मले."

पुस्तकात कुठून असणार? अमेरिकेतल्या माणसाला आपल्या कवडीचं काय माहीत? पण मनाई लिहिली नाही म्हणजे परवानगी होते का? मी पंच होतो. मी नाही म्हटलं, स्पष्ट नाही म्हटलं. तरी त्याने डबीतून बटण काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि कवडूला म्हणाला, "म्हण."

कवडूने माझ्याकडे बघितलं. "जाऊ दे ना रव्या. खेळच तर हाय." आणि त्याने मंत्र म्हटला.

तेवढ्यात लाईन गेली. कूलरचा पंखा हळूहळू थांबला. खसच्या ताटीतून पाणी ठिबकत राहिलं, टप्... टप्... ओल्या खसचा वास खोलीत साचला. मग त्याच्यावर दुसरा वास आला. डांबरगोळ्यांचा. वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून राहिलेल्या लोकरीच्या कपड्यांना येतो ना, तसा.

बाहेर ओट्यावर काकू कोणाशी तरी बोलत होत्या. थोड्या वेळाने त्या पन्हं घेऊन आत आल्या. एक पेला जास्त होता.

"चौथा गेला काय रे?"

"कोण चौथा, काकू?"

"तुमचाच कोनी असन. एवढ्या उनात अंगात मिल्ट्रीचा गरम कोट. एक बटन तुटलेलं. कवडू कोनाचा, म्हने. मी सांगतलं, तुळसाबाईचा."

टेबलावरच्या बटणाकडे आम्ही कोणीच बघितलं नाही. उठलो आणि पळालो. तुळसाबाई मागच्याच गल्लीत राहायची. उंबऱ्यात बसली होती, रागाने नुसती थरथरत.

"कोन होता गा तो मेला? म्हने, कवडू तुमचा काय? म्हनलं, हो, कवडी देऊन घेतला मी. तर म्हने... द्या मंग. अस्सी चिडली मी! म्हनलं, मी जिती हाय तवर तो माह्या हाय. नाही देत, जाय."

"मग?"

"बरं, म्हने." तिने गल्लीच्या टोकाकडे बघितलं. "जाताना नाही दिसला गा... उभा होता, मंग नव्हता."

आणि ओमप्रकाश हसला. "पाह्यलं? नियम बरोबरच होता माह्या." त्या हसण्याबद्दल मी त्याला आजवर माफ केलेलं नाही, करणारही नाही. मी बटण डबीत घातलं, डबीला दोरा गुंडाळला आणि खेळ कायमचा बंद केला.

मागच्या महिन्यात तुळसाबाई गेली. कवडू तिच्यासाठी ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही, मला भीती वाटली. ओमप्रकाश आता काळा कोट घालून कोर्टात उभा राहतो. त्याच्याकडे गेलो, तर चहा ढवळत म्हणतो, "मालक मेला, म्हणजे हक्क कोनाकडे गेला ते पाहावं लागन." पाहावं लागन! एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे आणि हा बशीत चहा ओततो!

कवडू इथेच हिंगण्याला कारखान्यात आहे. वर्षभरापूर्वी लग्न झालं, गोपिका कुहीकडची आहे. आज संध्याकाळी मी डबी घेऊन निघालो. म्हटलं, दोघांना बसवून सगळं सांगावं. कोणी विचारलं तर काय बोलायचं, ते तिला शिकवावं. पोचलो तेव्हा तो कामावरून आला नव्हता. तिने पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत हसत म्हणाली,

"दुपारी एक जन येऊन गेला, भाऊजी. कवडू कोनाचा, म्हने. मले तं हासूच आलं. म्हनलं, माहे हायेत, अजून कोनाचे?"

हातातला पेला मी खाली ठेवला. "मग... तो काय म्हणाला?"

"बरं, म्हने. सुई-दोरा मागतला. इथं ओट्यावर बसून कोटाले बटन लावलं. सुई वापस देली अन् गेला." मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "काहून भाऊजी? चुकलं काय माह्यं?"

तिचं काय चुकलं? काही नाही. नवऱ्याला आपला म्हणाली, एवढंच. 'कवडी देऊन घेतला, नाही देत' हे तुळसाबाईचं उत्तर तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ज्याचं चुकलं तो वकील घरी पंख्याखाली बसलाय, आणि मी कवडूला गाठायला इथे येऊन बसलोय.

ही ती डबी. दोरा जसाच्या तसा आहे, गाठही माझीच आहे. हलवून बघा. वाजते का?

ते दिवे दिसले बघा, बस आली. कवडू दारातच उभा आहे, हात करतोय. मी पुढे होतो. पण त्याआधी एक सांगा... हा डांबरगोळ्यांचा वास मला एकट्यालाच येतोय का?