रिकामा डबा परत द्यायचा नाही

हे माझ्याच बाबतीत घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

ऑगस्ट २००६. सिंगापूरमधल्या एका युनिव्हर्सिटीचा हॉल, म्हणजे हॉस्टेल. चौथा मजला. आणि रात्र नाही हं, टळटळीत दुपार.

बाबांची तुआसच्या कारखान्यातली नोकरी संपली होती. आई-बाबा नागपूरला परतले. मला राहायला ती एकच खोली. ती टिकवायची तर हॉलच्या प्रत्येक खेळात उतरून पॉइंट्स मिळवायचे. नाही म्हणायची सोयच नव्हती.

पहिला खेळ एंजल-मॉर्टल. प्रत्येकाला एक गुप्त एंजल. तो दाराशी खाऊ ठेवणार, पंधरा दिवसांनी त्याचं नाव कळणार.

माझ्या दाराशी रोज पांढरा एनॅमलचा डबा यायचा. आत तांदळाची गोड वडी.

आईची शिकवण, कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. मी चिमूटभर साखर घालून तो बाहेर ठेवायचे. पाच मिनिटांत गायब.

पावलांचा आवाज मात्र... कधीच नाही.

दहाव्या दिवशी साखर संपली. डबा तसाच ठेवला.

दुपारी दोनला दार उघडेना.

कडी काढली होती, तरी ते हलेना. खाली मैदानात अख्खा हॉल घोषणांचा सराव करत होता. मी घसा फोडून ओरडले, पण कुणाला ऐकू जाणार?

मग बाहेरून... टक. टक. टक.

डब्यावर चमचा वाजवल्यासारखं.

दाराखालच्या फटीतून बघितलं. पाय नव्हते.

तीन तास. माझी पाचावर धारण बसली. शेवटी रडतच म्हटलं, "चुकलं. यापुढे घालीन."

दार उघडलं.

बाहेर डबा. भरलेला.

पंधराव्या दिवशी सीनियर वेई लिंग हसत आली. "मीच तुझी एंजल! सॉरी, एकदाच चॉकलेट ठेवायला जमलं."

मी डब्याचं सांगितलं. तिचं हसू गेलं.

"आमच्या चिनी पंचांगात हा भुतांचा महिना आहे. दाराबाहेरचं उचलायचं नसतं. आणि तू परत दिलंस? मग ते येतच राहणार."

खोली सोडता येत नव्हती. वर्षभर साखर घातली. खोली बदलली तेव्हा डबा यायचा थांबला.

आता आम्ही सिंगापूरमध्येच, बुकित तिमाहला राहतो. परवा माझी लेक इरा तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, "मम्मी, नेबरचा व्हाइट डबा मी बाहेर ठेवला. एम्प्टी कॅनॉट लाह, तूच सांगतेस ना? शुगर टाकली."

शेजारचा फ्लॅट वर्षभर रिकामा आहे.

इराला मी रागावले नाही. दुकानात जाऊन पाच किलो साखर तेवढी आणून ठेवली.